चाचणी, संशय आणि मतदार : नागापूरच्या गोदामातील यंत्रांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

अहिल्यानगर शहरालगत मनमाड रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत आहे. या वसाहतीतील महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाचे गोदाम एरवी धान्याच्या साठवणुकीचे ठिकाण. लोकसभा निवडणुकीच्या काळात मात्र तेथे धान्याऐवजी मतदानयंत्रे ठेवली जातात आणि मतमोजणीही तेथेच होते. १३ मे २०२४ रोजी अहमदनगर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि ४ जून रोजी मतमोजणी झाली. मधले बावीस दिवस यंत्रे मोहोरबंद अवस्थेत, सशस्त्र पहाऱ्यात व कॅमेऱ्यांच्या नजरेखाली होती.

या बावीस दिवसांत राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उमेदवार नीलेश लंके यांनी गोदामाच्या पहाऱ्याविषयी आणि तेथील कॅमेरा यंत्रणेविषयी जाहीर आक्षेप घेतला. निकालात तेच २८,९२९ मतांनी विजयी झाले. त्यानंतर भारतीय जनता पक्षाचे पराभूत उमेदवार, मावळते खासदार डॉ. सुजय विखे पाटील यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांच्या पडताळणीसाठी अर्ज केला. निकालाआधी एका उमेदवाराला धोका दिसला आणि निकालानंतर दुसऱ्याला. यंत्रे तीच होती, ती सांभाळणारी व्यवस्थाही तीच होती. संशय ही विशिष्ट पक्षाची मक्तेदारी नाही, एवढे तरी या घटनाक्रमावरून मान्य व्हावे. तो व्यवस्थेतील स्थानावर अवलंबून असतो. निकाल ज्याला आपल्या हाताबाहेर गेल्यासारखा वाटतो, त्याला यंत्र धोक्याचे दिसते.

प्रस्तुत लेखात यंत्रात फेरफार झाला किंवा नाही, हा प्रश्न विचारात घेतलेला नाही. असा फेरफार कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही, ही वस्तुस्थिती आरंभीच नमूद करणे योग्य. येथे विचार करावयाचा आहे तो चाचणीचा. राज्यसंस्था आपल्या यंत्राधिष्ठित सेवांची तपासणी ज्या पद्धतीने करते, त्या पद्धतीमुळे नागरिकांच्या मनातील जोखमीची जाणीव कशी घडते अथवा बिघडते, हा या विवेचनाचा विषय आहे.

चाचण्यांची साखळी

मतदानयंत्राइतक्या वेळा तपासली जाणारी दुसरी शासकीय वस्तू क्वचितच असेल. भारत इलेक्ट्रॉनिक्स (बंगळूर) आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन (हैदराबाद) या दोन सार्वजनिक उपक्रमांत यंत्रे तयार होतात. निवडणुकीपूर्वी या कंपन्यांचे अभियंते राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर प्रथमस्तरीय तपासणी करतात. प्रत्येक यंत्रावर अभिरूप मतदान घेतले जाते. त्याखेरीज पाच टक्के यंत्रे निवडून त्यांतील एक टक्का यंत्रांवर १२००, दोन टक्के यंत्रांवर १००० आणि उरलेल्या दोन टक्के यंत्रांवर ५०० मते नोंदवून पाहिली जातात. पुढे यंत्रांची दोन टप्प्यांत सरमिसळ होते, त्यामुळे कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाईल हे आधी कोणालाही सांगता येत नाही. उमेदवारांची नावे व चिन्हे भरताना पुन्हा पाच टक्के यंत्रांवर हजार हजार मतांची चाचणी होते. मतदानाच्या दिवशी सकाळी, प्रत्यक्ष मतदानाच्या दीड तास आधी, प्रत्येक केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. ती मते पुसली जातात, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात मोहोरबंद केल्या जातात आणि मगच केंद्राचे दार मतदारासाठी उघडते.

मोजणीनंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांवरील चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापूर्वी ही संख्या एक होती.

हा तपशील विस्ताराने देण्याचे कारण असे, की सर्वसामान्य मतदाराला यांतील जवळजवळ काहीही दिसत नाही. त्याला दिसते ती एक पेटी, एक निळे बटण, आणि २०१९ पासून सर्व केंद्रांवर काचेमागे सात सेकंद थांबणारी चिठ्ठी. चाचण्यांच्या वेळी उपस्थित असतात ते उमेदवारांचे प्रतिनिधी, म्हणजे पक्षांची माणसे. यंत्राविषयीचा विश्वास मतदारापर्यंत पोहोचतो तो या प्रतिनिधींच्या मध्यस्थीने, आणि हे मध्यस्थ निकालानुसार आपली साक्ष बदलू शकतात. सकाळी अभिरूप मतदानाच्या प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करणारा प्रतिनिधी सायंकाळी यंत्राविषयी शंका घेतो, तेव्हा त्याची शंका मतदाराच्या कानावर येते. सकाळच्या स्वाक्षरीची त्याला वार्ताही नसते.

जोखीम आणि तिची जाणीव

जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिक बेक यांनी १९८६ मध्ये ‘जोखीम-समाज’ ही संकल्पना मांडली. आधुनिक जोखमी इंद्रियांना जाणवत नाहीत. त्या आहेत की नाहीत हे सांगण्याचा अधिकार तज्ज्ञांकडे जातो आणि त्यामुळे तज्ज्ञच वादाचा विषय होतात, हे त्यांच्या मांडणीचे एक सूत्र. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी जोखमीच्या जाणिवेचा जो आराखडा मांडला त्यात भीती आणि अपरिचितता या दोन अक्षांना महत्त्व दिले आहे. धोक्याची प्रत्यक्ष शक्यता किती, यापेक्षा तो धोका डोळ्यांना दिसतो का आणि आपल्या नियंत्रणात आहे का, यावर सामान्य माणूस त्याची तीव्रता ठरवतो.

या दोन मांडण्यांपेक्षाही प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे तो ब्रायन विन यांचा अभ्यास. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर इंग्लंडच्या कंब्रिया भागातील मेंढपाळांना सरकारी शास्त्रज्ञांनी दिलेली आश्वासने खोटी ठरली. निर्बंध काही आठवड्यांत उठतील असे सांगितले गेले, ते वर्षानुवर्षे राहिले. विन यांचे निरीक्षण असे, की मेंढपाळ विज्ञान न कळल्यामुळे संशयी झाले नाहीत. शास्त्रज्ञांच्या चाचण्या तेथील माती आणि मेंढ्यांचे चरणे लक्षात न घेता आखलेल्या होत्या, हे त्यांना अनुभवाने कळले होते. चाचणीच्या आराखड्यात आपल्या प्रश्नाला जागा नाही, हे ज्याला उमगते तो तिच्या निकालावर विसंबत नाही. आपल्याकडे संशयी नागरिकाला ‘अडाणी’ अथवा ‘अपप्रचाराला बळी पडलेला’ म्हणून बाजूला सारण्याची जी सवय आहे, तिने हा मुद्दा ध्यानात घेतलेला नाही.

काय विचारले आणि काय तपासले

२६ एप्रिल २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांच्या पीठाने मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र एक नवी तरतूद केली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम कायमचा कोरलेल्या चिपची, तपासणी कंपन्यांच्या अभियंत्यांनी करावयाची. खर्च उमेदवाराचा, फेरफार सिद्ध झाल्यास तो परत मिळावयाचा. विखे पाटील यांचा अर्ज याच तरतुदीखाली होता. आयोगाने एका यंत्रसंचासाठी ४० हजार रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे ४७,२०० रुपये शुल्क ठरविले होते. चाळीस केंद्रांचा हिशेब १८ लाख ८८ हजार रुपये होतो.

न्यायालयाने शब्द वापरला तो चिपच्या तपासणीचा. १६ जुलै २०२४ रोजी आयोगाने जी तांत्रिक कार्यपद्धती जाहीर केली तिच्या केंद्रस्थानी मात्र अभिरूप मतदान होते. यंत्र स्वतःची आणि परस्परांची ओळख पटवून देईल, त्यावर १४०० पर्यंत मते नोंदवून पाहिली जातील आणि चिठ्ठ्यांशी जुळवली जातील. म्हणजे निवडणुकीआधी जी चाचणी चार वेळा झाली, तीच पाचव्यांदा, यावेळी शुल्क भरून.

या ठिकाणी चाचणीचे तर्कशास्त्र बारकाईने पाहावे लागते. अभिरूप मतदान हे सिद्ध करते, की तपासणीच्या वेळी यंत्र योग्य रीतीने चालते. संशय घेणाऱ्याचे म्हणणे असते, की मतदानाच्या दिवशी ते योग्य रीतीने चालले नसावे. पहिल्या विधानाने दुसऱ्याचे खंडन होत नाही. तपासणीच्या वेळी सरळ वागून इतर वेळी वाकडे वागणाऱ्या यंत्राची कल्पना करता येते. तसे यंत्र प्रत्यक्षात शक्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न, आणि यंत्र बाहेरच्या कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते व त्याची जागा सरमिसळीने ठरते, हे आयोगाचे त्यावरील उत्तर दुर्लक्षणीय नाही. किंबहुना सरमिसळ हाच संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. परंतु तो युक्तिवाद आहे, चाचणी नव्हे. नागरिकाने युक्तिवाद मागितला नव्हता. त्याने यंत्राचे पोट उघडून दाखवा असे म्हटले होते आणि त्याला पुन्हा एकदा बटण दाबून दाखवण्यात आले.

अशा उत्तराचा परिणाम संशय शमण्यात होत नाही, तो अधिक चलाख होण्यात होतो. ‘यंत्र बिघडले आहे’ या साध्या शंकेची जागा ‘चाचणी चालू आहे हे यंत्राला कळते’ ही शंका घेते. ही दुसरी शंका कोणत्याही अभिरूप मतदानाने खोडता येत नाही. चाचणीने स्वतःच्या आवाक्याबाहेरचा संशय स्वतःच जन्माला घातला, असे म्हणावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या वेळी यंत्रातील विदा पुसू नये वा नव्याने भरू नये असे बजावले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पुरावा पुसून केलेली तपासणी ही तपासणी म्हणून कोणाला पटावी?

याच प्रश्नाचे जुने रूप २०१७ मध्ये दिसले होते. त्या वर्षी ३ जून रोजी आयोगाने राजकीय पक्षांना यंत्रात फेरफार करून दाखविण्याचे आव्हान दिले. राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष हे दोनच पक्ष आले, आणि त्यांनीही प्रात्यक्षिक समजावून घेण्यापलीकडे काही केले नाही. आव्हानाच्या अटींत यंत्राचे अंतर्गत भाग बदलण्यास मनाई होती. आयोगाच्या दृष्टीने अट रास्त होती, कारण भाग बदललेले यंत्र हे आयोगाचे यंत्रच राहत नाही. टीकाकारांच्या दृष्टीने ज्या मार्गाने चोरी होऊ शकते तोच मार्ग बंद करून चोरी करून दाखवा असे सांगण्यात आले होते. त्यांच्यापुढे २०१० चे उदाहरण होते. हैदराबादचे अभियंता हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांसह एका प्रत्यक्ष यंत्रावर, त्याचे भाग बदलून, फेरफाराचे प्रात्यक्षिक दाखविले होते. ते यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून बाहेर कसे गेले या प्रकरणी हरी प्रसाद यांना अटक झाली. चाचणी कोणी करावयाची, हे अशा रीतीने पोलीस ठाण्यात ठरले. स्वतंत्र चाचणीची कायदेशीर वाट नसेल तर ती बेकायदेशीर वाटेने होते, आणि मग चाचणीच्या निष्कर्षाऐवजी वाटेचीच चर्चा होत राहते.

चाचणीचा उच्छिष्ट भाग

सर्वोच्च न्यायालयापुढे आयोगाने मांडलेल्या माहितीनुसार, चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या यंत्रांतील मतांशी ताडून पाहण्यात आल्या आणि विसंगतीचे एकच प्रकरण आढळले. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशातील मैदुकूर विधानसभा क्षेत्रातील एका केंद्रावर आकडे जुळले नाहीत. कारण शोधता असे निघाले, की सकाळच्या अभिरूप मतदानातील मते पुसावयाची राहिली होती.

या एका उदाहरणाकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. चार कोटींतील एकमेव विसंगती यंत्रामुळे नव्हे तर त्याच्या चाचणीमुळे उद्भवली. विश्वास वाढविण्यासाठी केलेल्या क्रियेचा उच्छिष्ट भाग यंत्रात राहिला आणि तोच अविश्वासाचा पुरावा ठरू शकला. प्रत्येक नवी चाचणी ही एक नवी हाताळणी असते. ती करणारा कर्मचारी पहाटेपासून जागा असतो आणि त्याच्यावर वेळेचे दडपण असते. चाचण्यांची संख्या वाढविल्याने जोखीम सरळ रेषेत कमी होते, हे गृहीतक येथे डळमळते.

दुसरीही एक अडचण आहे. जी चाचणी कधीच नापास होत नाही, ती पाहणाऱ्याला काही सांगत नाही. यंत्रे खरोखरच निर्दोष असतील तर निकाल शंभर टक्के उत्तीर्ण येणार. चाचणी दिखाऊ असेल तरीही शंभर टक्केच येणार. बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतील फरक ओळखण्याची सोय नाही. प्रथमस्तरीय तपासणीत काही यंत्रे सदोष ठरून बाजूला काढली जातात, ही खरे तर विश्वासाला पोषक बाब होय. चाळणी काम करते याचा तो पुरावा. परंतु शासकीय पत्रकांत भर असतो तो निर्दोष यंत्रांच्या आकड्यांवर. नाकारलेल्या यंत्रांचा उल्लेख जणू संकोचाने होतो.

उसाचा काटा आणि गावची चावडी

अहिल्यानगर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. येथील शेतकऱ्याला यंत्र, त्याची शासकीय चाचणी आणि त्याविषयीचा संशय ही त्रयी मतदानयंत्राच्या आधीपासून ठाऊक आहे. तिचे नाव ‘काटामारी’. कारखान्याचा वजनकाटा इलेक्ट्रॉनिक असतो, वैधमापनशास्त्र विभाग त्याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून मुद्रांकन करतो, हंगामात भरारी पथके अचानक तपासणी करतात. तरीही उसाच्या वजनाविषयीचा संशय हटत नाही. पथक आले त्या दिवशी काटा बरोबर होता, इतर दिवसांचे काय, असे शेतकरी विचारतो. म्हणजे वर सांगितलेला चलाख संशय शेतकऱ्याच्या बोलीत पूर्वीपासूनच आहे.

फरक एवढाच, की ऊस उत्पादकाजवळ प्रतिचाचणीची सोय आहे. तो कारखान्यावर जाण्याआधी वाटेतल्या खासगी काट्यावर गाडी चढवतो, पावती घेतो आणि दोन आकडे समोरासमोर ठेवतो. बाहेर वजन केलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये ही शेतकरी संघटनांची मागणी याच प्रतिचाचणीच्या हक्काची मागणी आहे. आकडे जुळले तर विश्वास वाढतो, न जुळले तर भांडण्याला आधार मिळतो. दोन्ही स्थितींत संशयाला हातपाय फुटून तो भटकत नाही. मतदाराला दुसरा काटा नाही. मत गुप्त असल्याने तो असूही शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. उसाच्या गाडीवर नाव असते, मतावर ते असून चालत नाही. मतदानयंत्राची चाचणी इतर कोणत्याही डिजिटल सेवेच्या चाचणीपेक्षा अवघड होते ती याच कारणाने.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे संगणकावर घेताना हस्तलिखित आणि संगणकीय नोंदींत असंख्य फरक पडले. क्षेत्र बदलले, नावे गळाली, इतर हक्कांतील बोजे राहून गेले. २०१७ मध्ये महसूल विभागाने गावोगावी चावडी वाचन घेतले. तलाठ्याने संगणकीय उतारा ग्रामस्थांसमोर वाचावयाचा, ज्याची चूक असेल त्याने सांगावयाचे आणि नंतर नोंद दुरुस्त व्हावयाची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. चावडी वाचन सर्वत्र सारख्या गांभीर्याने झाले असे नाही. काही ठिकाणी ते कागदावरच उरकले गेले, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज आजही येत असतात. तरीही चाचणीचा एक नमुना म्हणून त्याचे मोल मोठे आहे. तज्ज्ञांनी प्रमाणित केलेल्या संगणकप्रणालीची खरी परीक्षा ज्याचे नुकसान होणार त्याच्याच कानांनी आणि त्याच्याच स्मरणाने झाली. प्रणाली आतून कशी चालते हे त्याला कळण्याची गरज नव्हती. आपल्या बांधाचे क्षेत्र किती हे त्याला पाठ होते.

विशेष म्हणजे येथे चुका मोठ्या प्रमाणावर सापडल्या आणि तरी सातबाऱ्याविषयी ‘यंत्र हटवा’ अशी चळवळ उभी राहिली नाही. मतदानयंत्रात चूक जवळजवळ सापडतच नाही आणि चळवळ मात्र उभी राहते. जोखमीची जाणीव चुकांच्या संख्येवर अवलंबून असती तर याच्या उलट घडावयास हवे होते. सातबाऱ्यातील चूक दाखविता येते, तिच्यावर बोट ठेवता येते, तलाठ्याशी वाद घालता येतो. माणूस ज्या चुकीशी भांडू शकतो तिची त्याला भीती वाटत नाही. चीड येते, इतकेच.

नागरिकाने चाचणी मागितली तर

मतदाराला स्वतः चाचणी मागण्याची एक सोय कायद्यात आहे. निवडणूक संचालन नियमांतील ४९ एमए या नियमानुसार, आपण दाबलेल्या बटणाऐवजी भलत्याच उमेदवाराची चिठ्ठी दिसली असे मतदाराचे म्हणणे असेल, तर तो तशी तक्रार करू शकतो. केंद्राध्यक्ष त्याच्याकडून लेखी प्रतिज्ञापन घेतो, खोटे विधान केल्यास सहा महिन्यांपर्यंतचा कारावास वा दंड होऊ शकतो याची समज देतो आणि मग उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर त्याला चाचणी-मत नोंदवू देतो. चिठ्ठी बरोबर निघाली तर तक्रार खोटी.

खोडसाळ तक्रारींनी मतदान बंद पडू नये, हा नियमामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि या चाचणीत पुरावा गोळा होतो तो एका दुसऱ्याच मताचा. पहिल्या वेळी मतदाराने काय पाहिले, ते आता कोणीही पाहू शकत नाही. सात सेकंदांच्या दृश्याची साक्ष एकट्या त्याची आणि शिक्षेची टांगती तलवारही एकट्या त्याच्यावर. अशा तक्रारी देशभरात अत्यल्प झाल्या, याचा दाखला व्यवस्थेच्या निर्दोषतेसाठी दिला जातो. तो दाखला तितकाच या नियमाच्या दराऱ्याचाही असू शकतो. दोहोंचे प्रमाण ठरविण्याची सोय उपलब्ध आकड्यांत नाही. उमेदवारासाठी चाचणीची किंमत २०२४ मध्ये ४७,२०० रुपये होती, मतदारासाठी फौजदारी जबाबदारीची शक्यता. चाचणीवर अशी किंमत लावली की ती मागणाऱ्याला एक संदेश जातोच, आणि तो संदेश ‘निर्धास्त राहा’ असा नसतो.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या मारकडवाडीत २०२४ च्या अखेरीस जे घडले ते याच पार्श्वभूमीवर पाहावे लागते. विधानसभा निवडणुकीत गावातून राम सातपुते यांना १००३ आणि उत्तम जानकर यांना ८४३ मते मिळाली. जानकर मतदारसंघातून निवडून आले होते. तरीही गावातील त्यांच्या समर्थकांना गावचा आकडा पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबर रोजी स्वखर्चाने मतपत्रिकेवर अभिरूप मतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, मतदान रद्द झाले आणि गुन्हे नोंदविले गेले.

कायद्याच्या दृष्टीने अशा मतदानाला काही अर्थ नव्हता. पद्धतीच्या दृष्टीनेही ते सदोष होते: दोन आठवड्यांनंतर, सर्वांच्या नजरेखाली, एका बाजूच्या पुढाकाराने घेतलेले मतदान मूळ मतदानाची पडताळणी करू शकत नाही. आकडे जुळले नसते तरी काही सिद्ध झाले नसते. मात्र प्रशासनाने ज्या क्षणी ते थांबविले त्या क्षणी त्या सदोष चाचणीला न झालेल्या चाचणीचे सामर्थ्य प्राप्त झाले. झालेली चाचणी तपासता येते, तिच्यातील उणिवा दाखविता येतात. थांबविलेल्या चाचणीचा निकाल ज्याला जसा हवा तसा असतो. गावाला मतपत्रिका छापू दिल्या असत्या, तर चार दिवसांच्या चर्चेनंतर विषय विरला असता असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. बंदी हुकमाने एका वस्तीचे नाव देशभर नेले.

दिलेली चिठ्ठी आणि काढून घेतलेली चिठ्ठी

जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी मतदानसंगणकांचा तेथील वापर घटनाबाह्य ठरविताना एक कसोटी घालून दिली. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला पडताळता आले पाहिजेत. यंत्रे सदोष होती असे त्या न्यायालयाने म्हटले नव्हते. भारतीय यंत्र त्या यंत्रांहून वेगळे आहे आणि आता त्याला चिठ्ठीची जोड आहे, हा आपल्याकडील प्रतिवाद बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा, की भारतीय व्यवस्थेने जर्मन कसोटी अर्धी स्वीकारली आहे. चिठ्ठी दिसते, मोजली जाते ती पाच केंद्रांची.

८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने चिठ्ठी आणण्यास सांगितले, तेव्हा ती स्वच्छ मतदानासाठी अपरिहार्य असल्याचे मानले होते. २००४ ची लोकसभा निवडणूक संपूर्णपणे यंत्रांवर आणि चिठ्ठीविना झाली होती, आणि त्या वेळी नगर जिल्ह्यातील मतदाराला काही उणे वाटल्याचे ऐकिवात नाही. चिठ्ठी आल्यानंतर मात्र चिठ्ठीविना यंत्र म्हणजे काय, याचा अर्थ बदलला. सुरक्षेचे साधन एकदा दाखविले की त्याचा अभाव धोका म्हणून दिसू लागतो. रस्त्याला कठडा बसविल्यावरच दरीची खोली जाणवावी, तसे हे आहे.

नागापूर-बोल्हेगावचा मतदार लोकसभा आणि विधानसभेसाठी मत देतो तेव्हा त्याला काचेमागे चिठ्ठी दिसते. तोच मतदार अहिल्यानगर महानगरपालिकेसाठी मत देतो तेव्हा त्याला एकाच वेळी अनेक जागांसाठी बटणे दाबावी लागतात आणि चिठ्ठी दिसत नाही. बहुसदस्यीय प्रभागांसाठी चिठ्ठीचे यंत्र वापरणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, ही राज्य निवडणूक आयोगाची २०२५ मधील भूमिका. तीत तथ्य असेल. पण ज्या यंत्रणेने त्याला काही वर्षे चिठ्ठी पाहावयास शिकविले, तिच्याच भावंडाने चिठ्ठीशिवाय भागते असे सांगितले, तर त्याने यांतील कोणते विधान खरे मानावे याचे उत्तर केंद्राध्यक्षाच्या पुस्तिकेत नाही. केंद्रीय आणि राज्य निवडणूक आयोग ही दोन स्वतंत्र घटनात्मक पदे आहेत, त्यांची यंत्रे वेगळी आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत, हे महाविद्यालयातील राज्यशास्त्राचा विद्यार्थी परीक्षेत लिहितो. मतदान केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी ती एकच शाळेची खोली असते, तोच पुठ्ठ्याचा आडोसा आणि तेच निळे बटण.